करपलं म्हणजे जळलं नाही

परवा माझ्या हातून तुरीचं वरण खाली लागलं. आमचं घर दुकानाच्या मागेच आहे. मधल्या दाराच्या अलीकडे गल्ला आणि पलीकडे गॅस. या दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घालण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि कितीतरी वरणं गेली. त्या दिवशी एक बाई परकराचं कापड बघायला आली होती. तिला एकही रंग पसंत पडेना, आणि तेवढ्यात वास आला. बाईने नाक वर केलं आणि म्हणाली, कुछ जल रहा है. जिन्यावरून आमची भाडेकरू उतरत होती, तेलुगू शाळेत शिकवते, तिनेही तिथूनच तिच्या भाषेत तेच विचारलं, माडिपोयिंदा आंटी? दोघींनाही माझी काळजीच होती. पण मी आत पळता पळता जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "जयलं नाही, करपलं."

गॅस बंद केला आणि पातेल्यापुढे तशीच उभी राहिले. ते वाक्य माझं नव्हतं. माझ्या मायचं होतं, तिच्याच ठसक्यात, 'ळ'चा 'य' करून, माझ्या तोंडून निघालं होतं. एवढी वर्षं आदिलाबादच्या बाजारात बसून मी सर्रास 'जळलं'च म्हणते, हिंदीवाल्यांशी 'जल गया' म्हणते, आणि कुणाचं काही अडत नाही. त्या दिवशी मात्र अडलं. माय जाऊन वर्ष होत आलंय. मला तिची अशी काही आठवण आली, की परकराची बाई काही न घेता निघून गेली तरी मी बाहेर आले नाही.

माझं माहेर मावल्याकडे, आदिलाबादला लागूनच. दादा आता कापूसही लावतो, पण मी लहान होते तेव्हा आमचं घर मेथी, वांगी आणि सांबारावर चालायचं. सांबार म्हणजे कोथिंबीर; हे मला नागपूरच्या पाव्हण्यांना नाही, पुण्याकडच्या लोकांना सांगावं लागतं. माय पहाटे जुड्या बांधायची, बाजारात बसायची, दुपारी परत येऊन चूल पेटवायची. दिवसभर तिचा ऊन आणि आग यांच्याशीच संबंध. त्यामुळे असेल, पण या दोघांनी बिघडवलेल्या गोष्टींसाठी तिच्याकडे एक शब्द नव्हता, पायऱ्या होत्या.

दुधाने तळाला नुसतं धरलं, तर ते 'लागलं'. भाकरीवर हवे तसे डाग पडले, तर ती 'खरपूस', आणि तिच्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. त्याच्या पुढे जाऊन कडवटपणा आला, की 'करपलं'. उन्हातून वणवण करून आलेला माणूस 'होरपयला', हा शब्द ती भांड्याला कधी लावायची नाही. आणि सगळ्यांच्या शेवटी 'जयलं'. पण हा शेवटचा शब्द चुलीपाशी काढायची सोयच नव्हती, रानात तर मुळीच नाही, आणि तिने स्वतः काढला तरी पुढे 'नाही' लावूनच. तो मसणवटीचा शब्द, म्हणायची. आमच्यापैकी कुणी चुकून म्हटलं की भाजी जळली, तर आधी आमच्या तोंडाला पाणी लावायला सांगायची आणि मग भाजीकडे बघायची.

मला तेव्हा हा सगळा सोवळेपणा वाटायचा. शुभ बोल नाऱ्या, त्यातलाच प्रकार. पण तिचं म्हणणं साधं होतं. जळलेल्याचं काही करता येत नाही. करपलेल्याचं करता येतं, फक्त घाई करायची नाही. वरण करपलं तर ढवळायचं नाही आणि खरवडायचं तर नाहीच. गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, थंड पाण्यात टेकवायचा, वरचं वरचं हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायचं आणि तळाला तळाच्या जागी राहू द्यायचं. दूध करपलं तर त्यात विड्याचं पान टाकायचं. घाबरून चमचा फिरवणारी बाई सगळंच कडू करते, असं ती म्हणायची, आणि तसं म्हणताना आमच्या एका काकूकडे बघायची.

रानातही तेच. मोटारीचा काळा पाइप उन्हाळ्यात दिवसभर तापत पडलेला असायचा. त्यातलं पहिलं पाणी चहा करावा इतकं कढत येतं. ते आधी बांधावर सोडून द्यायचं आणि पाणी हाताला गार लागलं की मगच वाफ्यात फिरवायचं. दादाने एकदा खेळायला जायच्या घाईत तो पाइप सरळ मेथीत सोडला. कोवळी पानं बघता बघता मान टाकून बसली. दादा रडायला लागला की सगळी जळाली. माय वाफ्यात उतरली, बोटाने माती उकरून बघितली आणि म्हणाली, "करपली हाय, जयली नाही. मूय ओलं हाय." त्यातली अर्धी मेथी पुढच्या आठवड्यात उभी राहिली. अर्धी नाही राहिली.

आणि तिचं नाक. काय सांगू. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय, हे सांगणं सोपं होतं, ते मलाही यायचं. माय कुणाचं काय बिघडणार आहे तेही सांगायची. जुडी बांधता बांधता हात थांबायचा, मान जरा वळायची, आणि मग कुंपणावरून हाक, अवो बाई, तुमची डाय लागून राह्यली. तिकडून पळण्याचा आवाज यायचा. कधी आभार यायचे, कधी नाही. बाबा होते तेव्हा म्हणायचे, हिला ठाण्यात नेऊन बसवा, चोर दारातच सापडतील. लोक नाकाने कांदे सोलतात, आमची माय नाकाने स्वयंपाक करायची. चव घेऊन बघणं तिला कमीपणाचं वाटायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली. आमच्या ओळखीतली बरीच माणसं तेव्हा गेली, आणि माय वाचली याचाच आम्हाला इतका आनंद होता, की तिचं काही गेलंय हे आमच्या लक्षातच आलं नाही. ती बोललीही नाही. उठून हिंडायला लागल्यावर मी भेटायला गेले, तर ती सांबाराची जुडी नाकाशी धरून बसली होती. एक ठेवली, दुसरी घेतली. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, काही नाही, शिळी आहे का पाहते. जुडी तिनेच सकाळी उपटलेली होती.

मग एक दिवस दूध चांगलंच करपलं. सगळ्या घरात वास, आणि ती शेजारी बसून लसूण सोलत होती. तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींचं येतं, काहींना वेळ लागतो. तिला मीठ कळायचं, गोड कळायचं, तिखट झोंबायचं. बाकी सगळं तोंडात मातीसारखं, असं म्हणायची.

त्यानंतर तिने एक प्रश्न सुरू केला. चुलीवर काही असलं, की जो समोर दिसेल त्याला विचारायची, करपलं का? आणि आम्ही सगळे म्हणायचो, नाही वो माय. नसलं तरी नाही, आणि असलं तरी नाही. दादा तर करपट भात दुसऱ्यांदा मागून घ्यायचा. मी जायची तेव्हा म्हणायची, नाही माय, मस्त खरपूस झालंय. ती आमच्या तोंडाकडे बघायची आणि जेवायला बसायची. आम्हाला वाटायचं की आपण तिला जपतो आहोत.

वहिनी मात्र काही म्हणायची नाही. वहिनी म्हणजे दादाची बायको. बाजारहत्नूरकडच्या गावातली, कापूस-ज्वारी करणाऱ्या घरातली. तिला गोड बोलणं जमत नाही, याबद्दल आमच्या घरात कधीच दुमत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत तिने मला सांगितलं होतं, ताई, तुमच्या करंज्या कडक झाल्या. माय आणि ती, दोघींचं कधी भांडण झालं नाही आणि गुळपीठही कधी जमलं नाही. एक चुलीपाशी असली तर दुसरी रानात. मायच्या प्रश्नाला वहिनी उत्तरच द्यायची नाही, हातातलं काम घेऊन बाहेर जायची. पण ती पहाटे लवकर उठायला लागली. माय उठेपर्यंत भाजी झालेली, भात झालेला, ओटा पुसलेला. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि थोड्या वेळाने उठून रानात जायची. मला वहिनीचा राग यायचा. कसलं तरी उट्टंच काढते आहे, असं वाटायचं.

असा उन्हाळा गेला, आखाड गेला. श्रावणात मायने जाहीर केलं, की महालक्ष्म्यांचं पुरण या वर्षीही तीच करणार.

आमच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, अंबील, कढी, सोळा भाज्या, सवाष्णी, यवतमाळकडचे नातेवाईक, असं सगळं असतं. लग्न होऊन आल्यापासून ते पुरण मायच्याच हातचं. दादा धास्तावला. एवढी माणसं जेवायला येणार आणि पुरण बिघडलं तर हसं होईल, देवीचं वेगळंच. त्याने मला फोन करून सांगितलं की तू समजाव. मी समजावायला गेले आणि तिच्याकडे बघून गप्प बसले. ते पुरण नीट उतरलं तर चूल तिची. नाही उतरलं तर तिला उरलेलं आयुष्य उंबऱ्यावर काढायचं होतं. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, मी येऊन बसते तुझ्या शेजारी, मी सांगत जाईन. तर ती माझ्यावरच उखडली. नैवेद्याचा वास घेत नाहीत. देवीने घेण्याआधी माणसाने हुंगलं, तर ते उष्टंच. "तू बसशीन तं नाक घेऊनच बसशीन," म्हणाली. मी म्हटलं, मग इतकी वर्षं तू काय करत होतीस? ती म्हणाली, मी कधी घ्यायला गेले नाही, तोच यायचा माझ्याकडे.

मग तिने कानाने शिकायला घेतलं. खोटं वाटेल, पण त्या महिन्यात ती वेगळा स्वयंपाक शिकली. हरभऱ्याची डाळ आणि गूळ घेऊन ती दर दोनचार दिवसांनी पाव-अर्धा किलोचं पुरण घाटायची आणि घरात कुणाला बोलू द्यायची नाही. टीव्ही बंद, पंखा बंद, मोटार बंद. दादाने मोबाइल घेऊन बाहेर जायचं. मी एकदा होते तिथे. पुरण पातळ असतं तेव्हा फदफद असा मोठा आवाज करतं, बुडबुडे फुटतात, हातावर चटके बसतात. घट्ट होत गेलं की आवाज खाली जातो, जड होतो. आणि तळाला धरायला लागलं की त्या जड आवाजाच्या खाली एक बारीक चिरचिर सुरू होते. मला ती कितीतरी वेळ ऐकूच येईना. माय डोळे मिटून चाटू फिरवत होती, आणि एकदम तिने जाळ ओढला आणि म्हणाली, ही बघ, आली. ते पुरण आम्ही खाल्लं. चांगलं होतं. त्या दिवशी तिने कुणाला काही विचारलं नाही.

जेवणाचा दिवस उजाडला. सोवळ्याचा स्वयंपाक आमच्याकडे मागच्या पडवीत, चुलीवर होतो. मोठा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनिअमचा, गंज चढला. बाकीचं सगळं वहिनीने आणि मी आत गॅसवर उरकत आणलं होतं. घरात इतकी शांतता, की पाव्हण्यांची पोरंसुद्धा खुणेने बोलत होती. मी अंगणात तांदूळ निवडत होते, वहिनी दारात पत्रावळी पुसत होती. मायची पाठ आम्हाला दिसत होती. गूळ पडला. फदफद सुरू झाली. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

आणि समोरच्या गल्लीतल्या गणपतीच्या पोरांनी स्पीकर लावला. तो आमच्या घराकडेच तोंड करून बांधलेला होता, हे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. भांडी थरथरायला लागली. दादा धावत गेला बंद करायला सांगायला, पण त्या आवाजात त्याचं कोण ऐकणार? माय एकदा दाराकडे वळली, मग पुन्हा गंजाकडे. तिने कान पार भांड्यापर्यंत नेला, वाफेने तोंड लाल झालं. चाटू फिरवतच होती. मी बघत राहिले.

वास मला आला तेव्हा मी वहिनीकडे पाहिलं. तिलाही आला होता. आधी गोडसर, मग कडवट. मला काय करावं कळेना. सांगितलं, तर नैवेद्य हुंगला असं होणार. सांगितलं, तर पुरण गेलं, आणि चूल गेली. माझ्या मनात एवढंच की कुणी काही बोलू नये, कसंतरी पार पडावं, सवाष्णी तूप घालून खातील, झाकली मूठ राहील. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जिचं होतं तिलाच तेवढं कळत नव्हतं.

मायने मान वळवली आणि आमच्याकडे बघून विचारलं. स्पीकरमुळे ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले. पण काय विचारलं ते आम्हाला कळलं. मी मान हलवायला लागले, नाही म्हणून.

वहिनी उठली. पत्रावळी बाजूला ठेवून पडवीत गेली, मायच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "आत्याबाई, करपून राह्यलं."

मायने जाळ ओढला. मग चाटू काढला. दोघींनी फडक्याने गंज धरून खाली घेतला, थंड पाण्याच्या परातीत टेकवला. मायने ढवळलं नाही, खरवडलं नाही. वरचं वरचं पुरण हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढलं आणि जिथे रंग बदलायला लागला तिथे हात थांबवला. तेवढ्यात दादाने कुणाच्या तरी हातापाया पडून स्पीकर बंद करवला, आणि त्या अचानक शांततेत मी तिला बोलताना ऐकलं.

"इतके दिवस मी इचारून राह्यली," ती वहिनीला म्हणत होती. "सारे म्हनत, नाई, नाई. माह्यं नाक गेलं याचं मले इतकं नाही वाटलं. मले वाटे, आता या घरात माह्याशी खरं बोलनारं कोनी राह्यलं नाही."

वहिनीने फक्त विचारलं, मग आता नैवेद्याचं कसं? माय म्हणाली, तू काही घ्यायला गेली नव्हतीस, वासच तुझ्याकडे आला. विषय संपला. पोळ्या त्याच पुरणाच्या झाल्या. किंचित करपट लागत होतं, नाही असं नाही. यवतमाळच्या एका आत्याने विचारलं की गूळ काळा होता का या वर्षी. मायने सगळ्यांदेखत सांगून टाकलं की गूळ चांगला होता, पुरण करपलं. आणि तिने आत्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

त्या दिवसापासून चूल दोघींची झाली. मी कधीही गेले तरी तेच दिसायचं. माय ओट्यापाशी, वहिनी उंबऱ्यावर काहीतरी निवडत. थोड्या थोड्या वेळाने माय विचारायची, करपलं का? वहिनी मान वर न करता म्हणायची, नाही, अजून नाही. किंवा म्हणायची, धरून राह्यलं, उतरवा. मध्येच दोघींचं काहीतरी चालायचं, कुणाच्या सुनेचं, बाजारहत्नूरच्या कापसाचं, आणि मी आत गेले की मला चहा मिळायचा. मी लेक होते, तरी त्या घरात पाव्हणी झाले होते. मला बरंही वाटायचं आणि खरं सांगायचं तर थोडं टोचायचंही. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, बघा, माझी माय पळवली. तो म्हणायचा, तू रोज जाऊन बस, मग कोण पळवतं बघू. पण दुकान होतं, पोरांच्या परीक्षा होत्या. मावला इथून किती लांब आहे? तरी रोज जाणं झालं नाही.

मागच्या दिवाळीनंतर माय गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास दिला नाही. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बायका माझ्या गळ्यात पडून रडायच्या, पुरुष दादाजवळ बसायचे. लेकीची माय गेली, लेकाची माय गेली, असं सगळे म्हणत होते आणि ते खरंच होतं.

या वर्षी महालक्ष्म्या साधेपणानेच केल्या. वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून सवाष्णी नाहीत, पाव्हणे नाहीत, नुसता कुळाचार. पुरण वहिनीने केलं. मी दुकान बंद ठेवून गेले होते. पुरण इतकं छान उतरलं, की चाटू त्यात सरळ उभा राहिला. मी कौतुक केलं, तर ती नैवेद्याचं पान वाढायला लागली. नैवेद्य झाला, जेवणं झाली. दुपारी आम्ही दोघी पडवीत बसून भांडी आवरत होतो. मी सहज म्हटलं, मायचं नाक शेवटपर्यंत आलं नाही, एकदा तरी हा वास तिला घेता आला असता.

वहिनी म्हणाली, "आलं होतं."

मला वाटलं, भलतंच काहीतरी बोलते आहे. तिने सांगितलं, जायच्या आधी वर्षभर तरी मायला वास येत होता. एकदा वहिनी माहेरच्यांशी फोनवर बोलत अंगणात फिरत होती. भात धरायला लागला तसा तिला बाहेर वास आला, म्हणून ती पळत आली, तर मायने गॅस आधीच कमी केलेला. वहिनी उंबऱ्यावर बसली, आणि मायने मान न वळवता विचारलं, करपलं का? त्यानंतर वहिनीने लक्ष ठेवलं. सांबार निवडताना माय काडी नाकाशी नेऊन थांबायची. पाऊस यायचा तेव्हा खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. एकदा तर शेजाऱ्यांची भाजी लागली तेव्हा तिने कुंपणाकडे पाहिलं, हाक मारायला तोंड उघडलं आणि वहिनीकडे बघून पुन्हा मिटलं.

मी म्हटलं, "आन तू बोलली काऊन नाही वयनी? तुले तं खोटं चालत नाही."

"खोटं कुठं बोलली मी?" ती म्हणाली. "त्या इचारत करपलं का. करपलं नसे, मी म्हने नाही." मग ती बराच वेळ त्याच भांड्याला फडकं लावत राहिली. "नाक आलं म्हनलं असतं, ताई, तं मंग मले तिथं बसाले कोनी सांगतलं असतं?"

तिच्या हातातलं भांडं मी काढून घेतलं, तेव्हा ती रडत होती. मायच्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ते दिवस मी आठवून बघितले. मी पुढच्या खोलीत बसलेली, दादा ओसरीवर, माणसं येत होती, आम्हाला जवळ घेत होती. वहिनी आत त्या सगळ्यांचा चहा करत होती, आणि तिला भेटायला कुणीच आत गेलं नव्हतं.